पंचवीस हजारांचा जामीन

७ डिसेंबर १९८४ ची सकाळ. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान भोपाळला उतरलं. त्यातून युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनचे अमेरिकन अध्यक्ष वॉरन अँडरसन, भारतीय उपकंपनीचे अध्यक्ष केशुब महिंद्रा आणि व्यवस्थापकीय संचालक विजय गोखले बाहेर आले. कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या गॅसने मेलेल्यांची मोजदाद शहरात अजून चालू होती. जिल्हाधिकारी मोती सिंह आणि पोलीस अधीक्षक स्वराज पुरी विमानतळावर हजर होते. तिघांना गाडीत बसवलं गेलं. गाडी पोलीस ठाण्यात गेली नाही, ती श्यामला हिल्सवरच्या कार्बाइडच्याच अतिथिगृहात गेली.

तिथे त्यांना अटक झाल्याचं सांगण्यात आलं. लावलेल्या कलमांत सदोष मनुष्यवधाचं कलम होतं आणि ते अजामीनपात्र होतं. ज्या खोलीत अँडरसन यांना ठेवलं, तिथला टेलिफोन काढायचा राहून गेला, असं मोती सिंह यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं. दुपारपर्यंत चित्र पालटलं. पंचवीस हजार रुपयांच्या जामिनाचा कागद पुढे आला. तो हिंदीत होता, म्हणून अँडरसन यांना त्याचा अर्थ समजावून सांगितला गेला. बोलावलं जाईल तेव्हा हजर राहीन, असं त्यात लिहून दिलेलं होतं. त्यांनी सही केली. न्यायाधीशासमोर त्यांना उभं करण्यात आलं नाही. राज्य सरकारचं विमान त्यांना घेऊन दिल्लीला गेलं आणि तिथून ते अमेरिकेला परतले.

त्या कागदावरचा शब्द त्यांनी पुढची तीस वर्षं पाळला नाही.

त्यांना कुणाच्या सांगण्यावरून सोडलं, हा प्रश्न भोपाळमध्ये आजही कुणी विचारला की दहा उत्तरं मिळतात. तेव्हाचे मुख्यमंत्री अर्जुन सिंह ऑगस्ट २०१० मध्ये राज्यसभेत बोलले. केंद्रीय गृहखात्यातून फोन आले होते, एवढं त्यांनी सांगितलं आणि राजीव गांधींना त्यातून मोकळं ठेवलं. फोन करणाऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. तोवर जवळजवळ सव्वीस वर्षं उलटली होती.

मुळात गुन्हा नोंदवायला उशीर झालेला नव्हता. ३ डिसेंबरला, माणसं रस्त्यावर तडफडत असतानाच, हनुमानगंज ठाण्याचे प्रमुख सुरिंदरसिंह ठाकूर यांनी कुणाच्या तक्रारीची वाट न पाहता एफआयआर लिहिला. गुन्हा क्रमांक ११०४/८४, कलम ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणामुळे मृत्यू. कारखान्याचे व्यवस्थापक जे. मुकुंद आणि इतर काही अधिकाऱ्यांना त्याच दिवशी ताब्यात घेतलं गेलं. काही दिवसांतच तपास सीबीआयकडे गेला आणि कलम चढलं, सदोष मनुष्यवधाचं झालं. हा कलमांचा चढउतार वाचकाने ध्यानात ठेवावा. पुढच्या पंचवीस वर्षांची सगळी लढाई एका ‘अ’ या अक्षराभोवती झाली.

भोपाळ हे तेव्हाही दोन शहरांचं शहर होतं, आजही आहे. तलावाच्या उत्तरेला नवाबी जुनं शहर, रेल्वे स्टेशन, छोला, काझी कॅम्प, जयप्रकाश नगर. दक्षिणेला १९५६ मध्ये राजधानी झाल्यावर वाढत गेलेलं नवं शहर. नव्या मध्य प्रदेशाची कचेरी नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून इथे आली, तेव्हा तिच्यासोबत कितीतरी मराठी कुटुंबंही बदलीवर येऊन राहिली. अरेरा कॉलनीतलं बिट्टन मार्केट या नव्या शहरातलं. तिथल्या हाटात भाजी निवडणाऱ्या तरुण गिऱ्हाइकाला गॅसकांड ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट वाटू शकते, कारण त्या रात्री वारा वायव्येकडून वाहत होता आणि गॅस कारखान्याला लागून असलेल्या झोपड्यांवर, स्टेशनवर, जुन्या शहराच्या गल्ल्यांवर बसला. सरकारने ५६ पैकी ३६ वॉर्ड गॅसग्रस्त ठरवले. अरेरा कॉलनी त्यात नव्हती. मंत्री, सचिव, डॉक्टर, वकील ज्या भागात राहत होते तो बहुतेक वाचला आणि बिडी वळणाऱ्या, हमाली करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या घरांवर मरण आलं. खटला इतका का रेंगाळला, याचं एक उत्तर या नकाशात आहे, असं म्हटलं तर ते अन्यायाचं होणार नाही.

त्या रात्री काय झालं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद ‘कुणाला काय ठाऊक होतं’ यावरच झाला. टाकी क्रमांक ६१० मध्ये सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट होतं. सेव्हिन हे कीटकनाशक बनवायला ते लागायचं आणि ते स्वतः फॉस्जीनपासून तयार व्हायचं. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक ज्या वायूने गुदमरून मेले तोच हा फॉस्जीन. टाकीत पाणी शिरलं, तापमान आणि दाब भराभर वाढला, झडप उघडली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. गॅस धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. गॅस जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याच्या नळाचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याच्या फवाऱ्यांची धार गॅस निघत होता त्या उंचीपर्यंत पोचत नव्हती. एका रात्रीत एवढ्या गोष्टी बंद पडत नाहीत. त्या आधीपासून बंद होत्या आणि बंद आहेत हे कारखान्याच्या नोंदींत होतं.

इशारेही मिळाले होते. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीनने मोहम्मद अशरफ या कामगाराचा जीव घेतला. मे १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच तपासणी पथकाने सुरक्षेतल्या गंभीर त्रुटींची यादी दिली. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात भोपाळवर संकट येतंय असं वारंवार लिहिलं. सप्टेंबर १९८४ मध्ये कंपनीच्या पश्चिम व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट इथल्या कारखान्याबद्दल एक अंतर्गत अहवाल तयार झाला. त्यात याच रसायनाच्या टाकीत प्रक्रिया हाताबाहेर जाण्याची शक्यता नोंदवली होती. तो भोपाळला पाठवला गेला नाही.

मृतांचा आकडा किती? सुरुवातीचा सरकारी आकडा दोन-अडीच हजारांच्या घरातला. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यांत ५,२९५ मृत्यू मान्य झाले. पीडितांच्या संघटना पंधरा ते पंचवीस हजार म्हणतात. हमीदिया रुग्णालयाच्या शवागारात डॉ. हीरेश चंद्र आणि डॉ. डी. के. सत्पथी यांनी त्या आठवड्यात एकामागून एक शवविच्छेदनं केली आणि अवयवांचे नमुने जपून ठेवले. खटल्यात साक्षीला येतील असे हे सर्वांत पहिले पुरावे.

भोपाळचा गॅस कुणी शस्त्र म्हणून सोडला नव्हता. युद्धातल्या हत्याकांडाशी त्याची सरसकट बरोबरी करणं दोन्हीकडच्या मृतांवर अन्याय ठरेल. पण युद्धगुन्ह्यांचे खटले आणि भोपाळचा खटला यांच्यापुढे एकच प्रश्न होता. हजारोंचा जीव घेणाऱ्या यंत्रणेच्या टोकावर बसलेल्या माणसाला काय ठाऊक होतं आणि ते किती वर्षांनी, कसं सिद्ध करायचं? हा प्रश्न रसायन-उद्योगाला आधीही विचारला गेला होता. ब्रुनो टेश या हॅम्बर्गच्या व्यापाऱ्याने छळछावण्यांना झायक्लॉन-बी हा विषारी वायू पुरवला. त्याचा वापर कशासाठी होतोय हे त्याला ठाऊक होतं, असं ब्रिटिश लष्करी न्यायालयाने मानलं आणि १९४६ मध्ये तो फासावर गेला. ज्या बड्या उद्योगसमूहाचा त्या वायूच्या कंपनीत मोठा हिस्सा होता, त्या आयजी फार्बेनच्या २३ अधिकाऱ्यांचा खटला न्यूरेंबर्गला ३० जुलै १९४८ रोजी संपला. १३ दोषी ठरले, जास्तीत जास्त शिक्षा आठ वर्षं. वायूच्या पुरवठ्याच्या आरोपातून मात्र ते सुटले, कारण ठाऊक होतं हे सिद्ध झालं नाही. त्यातले फ्रिट्झ टेर मेर सात वर्षांची शिक्षा पूर्ण होण्याआधीच सुटून बाहेर आले आणि १९५६ मध्ये बायर कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष झाले.

जयप्रकाश नगरात कारखान्यासमोर मूल कवटाळलेल्या, डोळ्यांवर हात घेतलेल्या आईचं शिल्प आहे. १९८५ मध्ये नेदरलँड्सहून येऊन ते घडवणाऱ्या रूथ वॉटरमन या नाझी छळाची झळ सोसलेल्या ज्यू कुटुंबातल्या होत्या. भोपाळ आणि युरोप यांचा हा धागा अभ्यासकांनी जोडण्याच्या कितीतरी आधी त्या स्त्रीने जोडला होता.

खटल्याची पहिली काही वर्षं नुकसानभरपाईने गिळली. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सगळ्या पीडितांचं प्रतिनिधित्व भारत सरकारकडे घेतलं. सरकार न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेलं. कार्बाइडने तिथे सांगितलं की, भारतातली न्यायालयं हा दावा ऐकायला पूर्ण समर्थ आहेत, खटला तिकडेच चालावा. न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे १९८६ मध्ये ते मान्य केलं. पुढे फौजदारी खटल्यात याच कंपनीने उलट भूमिका घेतली: भारतातल्या फौजदारी न्यायालयाचा आपल्यावर अधिकारच नाही. भरपाईच्या दाव्यात जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी ३५० कोटी रुपयांचा अंतरिम दिलासा द्यायचा आदेश दिला, तेव्हा भोपाळच्या वस्त्यांत पहिल्यांदा आशा पालवली. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो २५० कोटींवर आणला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

त्याच डिसेंबरच्या पहिल्या तारखेला सीबीआयने आरोपपत्र दाखल केलं होतं. बारा आरोपी: नऊ माणसं, तीन कंपन्या. अँडरसन, महिंद्रा, गोखले, किशोर कामदार, मुकुंद, आर. बी. रॉय चौधरी, एस. पी. चौधरी, के. व्ही. शेट्टी, एस. आय. कुरेशी, शिवाय अमेरिकेतली मूळ कंपनी, हाँगकाँगची पूर्वेकडची शाखा आणि भारतीय उपकंपनी. कंपनीने आपली बाजू न्यायालयाबाहेर मांडली. आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेचे अशोक कालेलकर यांनी मे १९८८ मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितलं की, चिडलेल्या एका कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं. हा घातपाताचा सिद्धांत भोपाळच्या न्यायाधीशासमोर उलटतपासणीला कधी सामोरा गेला नाही, कारण अमेरिकन कंपनी तिथे आलीच नाही.

आणि मग फेब्रुवारी १९८९. सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. सगळे दिवाणी दावे मिटले, आणि सोबत फौजदारी खटलेही रद्द झाले. पैशाच्या तडजोडीत गुन्हाच पुसला जातो, हे भोपाळच्या बायकांना अजिबात पटलं नाही. अब्दुल जब्बार यांची भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटना दर शनिवारी शाहजहानी पार्कमध्ये जमायची. त्या सभांना येणाऱ्या बहुसंख्य बुरख्यातल्या, पदर घेतलेल्या, खोकणाऱ्या बायका. त्यांना कलमांचे आकडे तोंडपाठ झाले. सरकारी छापखान्याच्या स्टेशनरी विभागात काम करणाऱ्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला त्याच वर्षी साथिणींना घेऊन पायी दिल्लीला गेल्या. (२००४ मध्ये या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.) तडजोडीविरुद्ध याचिका गेल्या आणि ३ ऑक्टोबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैशाची रक्कम तीच ठेवली, पण फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले.

भोपाळच्या न्यायालयांतून जे काही हाती आलं, त्यात या बायकांचा वाटा सर्वांत मोठा आहे. वकील बदलले, न्यायाधीश बदलले, सरकारं बदलली. त्या मात्र येत राहिल्या.

१ फेब्रुवारी १९९२ रोजी भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी अँडरसन यांना फरार घोषित केलं. हजर होण्याचा जाहीरनामा अमेरिकेच्या वृत्तपत्रांतही छापला गेला. ते आले नाहीत. एप्रिलमध्ये न्यायालयाने अमेरिकन कंपनीची भारतातली मालमत्ता, म्हणजे उपकंपनीतले तिचे ५०.९ टक्के शेअर, जप्त केले. फरार आरोपीला न्यायालयात आणायचा एवढाच एक दोर हातात होता. तो १९९४ मध्ये सुटला. शेअर विकून त्या पैशातून भोपाळमध्ये रुग्णालय बांधायचं, असं कंपनीने मांडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला परवानगी दिली. रुग्णालय उभं राहिलं, गरजेचंही होतं. पण कार्बाइडचं भारतात काहीच उरलं नाही आणि न्यायालयाचा धाक संपला.

यानंतरची तारीख सर्वांत जड आहे. भोपाळच्या सत्र न्यायालयाने एप्रिल १९९३ मध्ये भारतीय आरोपींवर कलम ३०४ भाग २ खाली, दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या सदोष मनुष्यवधाखाली आरोप निश्चित केले होते. उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. १३ सप्टेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीश ए. एम. अहमदी आणि न्या. एस. बी. मजमुदार यांच्या पीठाने ते खाली आणले. सदोष कारखाना चालवला एवढ्यावरून त्या रात्री माणसं मरतील हे आरोपींना ठाऊक होतं असं म्हणता येणार नाही, असं पीठाने म्हटलं आणि कलम ३०४-अ लावायला सांगितलं. जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. हनुमानगंजच्या ठाणेदाराने बारा वर्षांपूर्वी पहिल्या सकाळी जे कलम लिहिलं होतं, तिथेच खटला परत आला.

इथे थांबून विचार करायला हवा. हा निर्णय साक्षी होण्याच्या आधी झाला. १९८२ च्या तपासणीचा अहवाल, शीतयंत्रणा बंद ठेवण्याचा निर्णय, मनोऱ्याचा काढलेला नळ, हे सगळं कुणाच्या टेबलावरून गेलं, हे साक्षीदारांच्या तोंडून ऐकायचं बाकी होतं. ‘ठाऊक होतं का’ हा प्रश्न पुराव्यानेच सुटतो, आणि तो पुरावा यायच्या आधीच दार लोटून घेतलं गेलं. निवृत्तीनंतर न्या. अहमदी कार्बाइडच्या शेअरविक्रीतून उभ्या राहिलेल्या भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष झाले. गॅसपीडितांच्या मनातली ही सल अजून गेलेली नाही.

खटला मग मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात उतरला आणि संथपणे चालला. सरकार पक्षाचे १७८ साक्षीदार झाले, ३,००८ कागद दाखल झाले, बचावाचे आठ साक्षीदार झाले. तारखा पडत गेल्या. रॉय चौधरी खटल्याच्या काळातच वारले. ज्या बायका पहिल्या सुनावणीला कडेवर मूल घेऊन आल्या होत्या, त्यांची मुलं आता त्यांना हाताला धरून आणू लागली.

अँडरसन यांचा शोध घेणं कठीण नव्हतं. ते न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रिजहॅम्प्टनला राहत होते आणि २००२ मध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते थेट त्यांच्या दारात पोचले होते. त्याच वर्षी सीबीआयने भोपाळच्या न्यायालयात अर्ज केला की, अँडरसन यांच्यावरचाही आरोप ३०४-अ पर्यंत खाली आणावा. न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो फेटाळला. भारत सरकारने प्रत्यार्पणाची औपचारिक मागणी मे २००३ मध्ये केली, म्हणजे फरार घोषित केल्यावर अकरा वर्षांनी. महान्यायवादी सोली सोराबजी यांनी २००१ मध्येच ही मागणी टिकणार नाही असं मत दिलं होतं. अमेरिकेने २००४ मध्ये ती अटींत बसत नाही म्हणून परत पाठवली. काळ लोटला म्हणून न्याय हुकला, असं भोपाळबद्दल सहज बोललं जातं. पण इथे काळ आपोआप लोटला नाही. प्रत्येक वर्षाच्या मागे कुणाचा तरी निर्णय, कुणाची तरी सही, कुणाच्या तरी टपालात पडून राहिलेली फाइल आहे.

७ जून २०१० रोजी मुख्य न्यायदंडाधिकारी मोहन पी. तिवारी यांनी निकाल दिला. न्यायालयाच्या आवारात जमावबंदी होती. पीडितांना आत सोडलं नाही. ज्यांच्या नावाने खटला चालला होता, त्या बायका फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहिल्या आणि निकाल त्यांना बाहेर आलेल्यांकडून कळला. हयात असलेले सातही भारतीय आरोपी दोषी. दोन वर्षं कैद, प्रत्येकी १,०१,७५० रुपये दंड. भारतीय उपकंपनीला ५,०१,७५० रुपये. सातही जणांना लगेच जामीन मिळाला. रक्कम प्रत्येकी पंचवीस हजार रुपये, अँडरसन यांना १९८४ मध्ये लावली होती तेवढीच. अँडरसन फरार असल्याने त्यांचं नाव निकालात नव्हतं.

देश हादरला. तो हादरा खराच होता. दिल्लीत मंत्रिगट बसला, आणि सरकार व सीबीआयने सर्वोच्च न्यायालयात क्युरेटिव्ह याचिका केल्या. १९९६ चा निर्णय दुरुस्त करा, अशी त्यातली एक मागणी. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ११ मे २०११ रोजी ती फेटाळली. चौदा वर्षं का थांबलात, याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही, असं पीठाने नोंदवलं. १९९६ चा निर्णय त्या वेळच्या कागदांपुरता होता, पुढे आलेल्या पुराव्यावरून खालच्या न्यायालयाला वरचं कलम लावायला मनाई नव्हती, असंही सांगितलं. म्हणजे ज्या दाराला कुलूप आहे असं समजून चौदा वर्षं सगळे बाहेर बसले, ते नुसतंच लोटलेलं होतं. सरकार पक्षाने ते ढकलून पाहिलंच नाही, याचा जाब कुणी मागायचा?

दुसऱ्याच दिवशी, १२ मे २०११ रोजी, म्युनिकच्या न्यायालयात ९१ वर्षांचे जॉन डेमयान्युक दोषी ठरले. १९४३ मध्ये सोबिबोर मृत्युछावणीत ते पहारेकरी होते. २८,०६० जणांच्या हत्येत साहाय्य केल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी स्वतःच्या हाताने अमुक एका माणसाला मारलं, असं सिद्ध झालं नव्हतं, आणि न्यायालयाला ते आवश्यकही वाटलं नाही. जी जागा फक्त माणसं मारायला चालत होती, तिचं एक चाक म्हणून काम केलं, एवढं पुरे ठरलं. अपील प्रलंबित असतानाच मार्च २०१२ मध्ये ते वारले आणि दोषसिद्धी अंतिम झाली नाही. पण त्या निकालाने जर्मनीत रस्ता मोकळा झाला. ऑशविट्झमध्ये बंद्यांचे पैसे मोजणाऱ्या ओस्कर ग्रोनिंग यांना २०१५ मध्ये, ९४ व्या वर्षी शिक्षा झाली. श्टुटहोफ छावणीत सचिव असलेल्या इर्मगार्ड फुर्शनर यांना २०२२ मध्ये, ९७ व्या वर्षी. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही, हे जर्मन संसदेने १९७९ मध्येच ठरवलं होतं.

भोपाळला याहून जवळचा खटला हेगचा आहे. फ्रान्स व्हॅन आनराट या डच व्यापाऱ्याने सद्दामच्या इराकला मोहरी वायू बनवायचं रसायन विकलं. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जात कुर्दांवर रासायनिक बॉम्ब पडले, सुमारे पाच हजार माणसं मेली. अमेरिका मागे लागल्यावर व्हॅन आनराट १९८९ मध्ये इराकमध्ये पळाला आणि २००३ च्या युद्धात हॉलंडला परतला. माल कारखान्यासाठी विकला, एवढंच मला ठाऊक, असा त्याचा बचाव होता. न्यायालयाने पत्रव्यवहार, पुरवठ्याच्या नोंदी आणि रसायनाचं स्वरूप पाहिलं आणि ठाऊक होतं असं ठरवलं. डिसेंबर २००५ मध्ये पंधरा वर्षं, अपिलात सतरा, शेवटी सर्वोच्च न्यायालयात साडेसोळा. म्हणजे व्यापाऱ्याच्या ज्ञानाचा प्रश्न सतरा वर्षांनीही सोडवता येतो. त्यासाठी पुरावा आधी ऐकावा लागतो आणि आरोपी हाती असावा लागतो. भोपाळला या दोन्ही गोष्टी नाकारल्या गेल्या.

वॉरन अँडरसन २९ सप्टेंबर २०१४ रोजी फ्लोरिडातल्या व्हेरो बीचला वारले. वय ९२. बातमी बाहेर यायला महिना लागला, तीही तिथल्या स्थानिक मृत्युलेखातून. भोपाळच्या न्यायालयात त्यांच्याविरुद्धचं अजामीनपात्र वॉरंट तेव्हाही लागू होतं. अब्दुल जब्बार १४ नोव्हेंबर २०१९ रोजी गेले. राजकुमार केसवानी मे २०२१ मध्ये कोरोनाने गेले. केशुब महिंद्रा एप्रिल २०२३ मध्ये ९९ व्या वर्षी वारले. त्याच्याच महिनाभर आधी, १४ मार्च २०२३ रोजी, वाढीव भरपाईची सरकारची क्युरेटिव्ह याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली होती.

खटला मात्र संपलेला नाही. २०१० च्या निकालाविरुद्ध दोषींची अपिलं भोपाळच्या सत्र न्यायालयात गेली, आणि शिक्षा कमी झाली असं म्हणणाऱ्यांचीही. परदेशी कंपन्यांची फाइल वेगळी करून ठेवलेली आहे. कार्बाइड २००१ मध्ये डाऊ केमिकलने विकत घेतली. फरार कंपनीला न्यायालयात हजर करण्याची जबाबदारी तिच्या नव्या मालकावर येते, असं पीडितांच्या संघटनांचं म्हणणं होतं. समन्सांवर समन्स निघाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये डाऊचे वकील भोपाळच्या न्यायालयात पहिल्यांदा उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की, या न्यायालयाचा आमच्या अशिलावर अधिकार नाही. त्या मुद्द्यावर पुढची तारीख पडली.